मशिन बंद पडलं, आता काय? बिघडलेलं वेळापत्रक जुळवण्याची साठ वर्षं

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मसुदा. बोलताना जिथे अडखळलो, किंवा एकच गोष्ट दोनदा सांगितली, ते काढून टाकलंय. बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

आजचा विषय माझ्या पोटापाण्याचा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बी.टेक. झाल्यापासून कोडच लिहितोय, आणि गेली दोन-अडीच वर्षं ते कारखान्यांसाठी लिहितोय. कारखान्यात एखादं मशिन अचानक बंद पडतं, कच्चा माल वेळेवर येत नाही, पाळीला माणसं कमी येतात. मग सोमवारी केलेलं आठवड्याचं वेळापत्रक मंगळवारी दुपारीच निकामी होतं. अशा वेळी उरलेली कामं कुठल्या मशिनवर आणि कुठल्या क्रमानं लावायची, हे मशिन लर्निंगनं ठरवायचं. हे आमचं काम.

मागच्या वर्षी पुण्याजवळच्या एका कारखान्यात आमचं मॉडेल बसवलं. रात्रपाळीत एका ग्राइंडिंग मशिनच्या स्पिंडलचं बेअरिंग गेलं. मेंटेनन्सवाल्यांनी पहाटे दोनच्या सुमारास नवं बसवलं आणि सिस्टिममध्ये ‘रनिंग’ टाकलं. माझ्या मॉडेलनं काही सेकंदांत नवा क्रम काढला आणि सगळ्यात घाईचा, एक्स्पोर्टचा शाफ्टचा लॉट त्याच मशिनवर लावला. सुपरवायझरना वरून सूचना होती की स्क्रीनवर येईल तेच करायचं. त्यांनी केलं. सकाळी क्वालिटीवाल्यांनी त्या लॉटमधले बरेचसे नग बाजूला काढले. साइज हलत होता.

रविवारी घरी जेवताना हे बाबांना सांगितलं. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते, बरीच वर्षं. त्यांनी घास तसाच हातात धरला आणि म्हणाले, “बेअरिंग बदललेल्या मशिनवर पहिल्याच पाळीला एक्स्पोर्टचा माल? कुणी लावला?”

मी म्हटलं, “मी.”

आता हे बाबांना इतकं उघड होतं, तर माझ्या मॉडेलला का कळलं नाही? आमच्याकडे तीन वर्षांचा डेटा होता. हा प्रश्न डोक्यात घेऊन मी जुने पेपर वाचायला लागलो. वाटलं होतं पाच-सात वर्षं मागे जावं लागेल. प्रत्यक्षात १९६३पर्यंत गेलो, आणि थोडं त्याच्याही मागे.

थोडं मागे म्हणजे हेन्री गँट. गँट चार्ट सगळ्यांना माहीत असतो, प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रेझेंटेशनमध्ये आडव्या रंगीत पट्ट्या असतात तो. पण गँटसाहेबांचा मूळ हेतू पट्ट्या दाखवणं एवढाच नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ते कारखान्यांसाठी तक्ते बनवत होते, तेव्हा त्यांचा सगळा रोख रिकाम्या मशिनवर होता. मशिन बसून का राहिलं? माणूस नव्हता, माल नव्हता, दुरुस्ती चालू होती, की ऑर्डरच नव्हती? कामाच्या तासांसोबत हे कारणही तक्त्यावर यायला हवं, असा त्यांचा आग्रह. गँट १९१९मध्ये गेले. त्यांच्या पट्ट्या जगभर पसरल्या, कारणांचा रकाना मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला. माझ्या प्रोजेक्टच्या डेटातही ‘डाउनटाइम रीझन’ नावाचा रकाना होता. त्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: ‘इतर’.

आता १९६३. त्या वर्षी अमेरिकेत ‘इंडस्ट्रियल शेड्युलिंग’ नावाचं पुस्तक निघालं, संपादक मुथ आणि थॉम्पसन. त्यात फिशर आणि थॉम्पसन यांचं एक प्रकरण आहे, आणि या दोघांनी त्यात तीन गणितं छापली. त्यातलं एक पुढे भलतंच गाजलं: दहा जॉब, दहा मशिनं. प्रत्येक जॉबनं प्रत्येक मशिनवर एकदा जायचं, पण प्रत्येकाचा मार्ग वेगळा. एका वेळी एका मशिनवर एकच जॉब. सगळं काम कमीत कमी वेळात संपवा. ऐकायला सोपं वाटतं ना? एका मशिनवर दहा जॉबचे क्रम ३६ लाखांहून जास्त. दहा मशिनांचे क्रम एकमेकांशी गुणले तर ४च्या पुढे ६५ शून्यं. त्यातले पुष्कळसे क्रम अशक्य म्हणून बाद होतात, तरी उरलेले मोजून संपत नाहीत. या गणिताचं उत्तर ९३० आहे, त्याहून कमी होऊच शकत नाही, हे कार्लिए आणि पिन्सों या दोन फ्रेंच संशोधकांनी सिद्ध करून छापलं १९८९मध्ये. म्हणजे २६ वर्षांनी! आजही कुणी नवी पद्धत काढली की आधी हे गणित सोडवून दाखवतो.

पण मला मजा वेगळ्याच गोष्टीची वाटली. हे गणित ज्या प्रकरणात आहे, ते प्रकरणच मुळात शिकणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल आहे. १९६३मध्ये! त्यांनी दोन साधे नियम घेतले. मशिन मोकळं झालं आणि समोर रांग आहे, तर ज्याचं या मशिनवरचं काम सगळ्यात लहान, तो आधी घ्या. किंवा ज्याचं एकूण उरलेलं काम सगळ्यात जास्त, तो आधी घ्या. कारखान्यातला कुठलाही जुना माणूस हे दोन्ही नियम तोंडी सांगेल. प्रोग्रॅमनं काय करायचं, तर प्रत्येक वेळी यातला एक नियम नशिबानं निवडायचा, वेळापत्रक पूर्ण करायचं, निकाल चांगला आला तर ती निवड पुढच्या खेपेला थोडी जास्त संभाव्य करायची. आज आम्ही ज्याला रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणतो, त्याचं हे अगदी बाळरूप.

आणि त्यांचा निष्कर्ष फार प्रामाणिक आहे. शिकणं शक्य आहे, असं ते म्हणतात. पण त्याचबरोबर, न शिकता नुसते दोन नियम नाणेफेक करून मिसळले तरी एकट्या नियमापेक्षा निकाल चांगला येतो, त्यामुळे शिकवण्याचा एवढा खटाटोप करावा का, हा प्रश्नही ते मोकळा ठेवतात. आमच्या क्षेत्रात पेपरच्या शेवटी असं लिहिणारे लोक आता शोधावे लागतात.

एक गोष्ट मात्र त्या गणितात नाही, आणि नंतर आलेल्या शेकडो गणितांतही नाही. त्यात मशिन बंद पडत नाही. कामाचे आकडे ठरलेले, माणूस आजारी पडत नाही, माल उशिरा येत नाही. सगळे हुशार लोक वर्षानुवर्षं एका शांत कारखान्याचं कोडं सोडवत होते.

शांत नसलेल्या कारखान्यात काय होत होतं, ते सत्तरच्या दशकात दिसलं. तोवर एमआरपी नावाची पद्धत आली होती, म्हणजे कुठला भाग कधी किती लागणार हे कॉम्प्युटर मागे मोजत जाऊन काढणार. एक ऑर्डर दोन दिवसांनी सरकली की खालच्या सगळ्या भागांच्या तारखा हलायच्या. पुढच्या हिशेबात परत हलायच्या. लोकांनी याला ‘नर्व्हसनेस’ असं नाव दिलं. सिस्टिम घाबरट आहे, जरा काही झालं की थरथरते. माझ्या मॉडेललाही हाच आजार होता. दर पंधरा मिनिटांनी ते नवा क्रम काढायचं. कागदावर नवा क्रम सात मिनिटांनी चांगला असायचा. पण सेटरनं अर्धा तास खपून फिक्स्चर लावलेलं असायचं, आणि स्क्रीन म्हणायची, काढा.

पुढचा टप्पा १९८०च्या दशकाचा. कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्क फॉक्स यांनी ‘आयसिस’ नावाची सिस्टिम बनवली. (नावावर जाऊ नका, तेव्हा त्या नावाला काही अर्थ चिकटलेला नव्हता.) वेस्टिंगहाउस कंपनीचा विन्स्टन-सेलममध्ये टर्बाइनचे भाग बनवणारा कारखाना होता, त्याच्यावर हा अभ्यास झाला. त्यात फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण नोंदवलंय. वेळापत्रक करणारा माणूस प्रत्यक्ष वेळापत्रक करण्यात आपल्या वेळेचा दहा ते वीस टक्के भाग घालवत होता. बाकीचे ऐंशी-नव्वद टक्के तो लोकांशी बोलत फिरत होता. टूल आलं का, अमक्या मशिनचं काय झालं, कस्टमरनं तारीख पुढे ढकलली का, एवढंच विचारत.

हे वाचलं आणि मला बाबांची डायरी आठवली. लहानपणी मला वाटायचं बाबा ऑफिसात बसून तक्ते भरतात. एकदा सुट्टीत त्यांच्यासोबत गेलो तर माणूस जागेवर सापडेना. टूलरूममध्ये, स्टोअरमध्ये, मग कँटीनमध्ये हीट ट्रीटमेंटच्या काकांशेजारी चहा पीत. मी कंटाळलो होतो. आज कळतंय की तेव्हा प्लॅनिंगच चाललं होतं. डायरीत सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं, खोडरबरानं पानं मऊ पडलेली. त्यात भोसरीची सुट्टी गुरुवारची, कारण एमआयडीसीत वीज वाचवायला प्रत्येक भागाचा बंदचा वार वेगळा. म्हणजे रविवारी ज्याचं दुकान बंद त्या सप्लायरचा माल शनिवारीच मागवून ठेवायचा, आणि गुरुवारी आपण बंद असताना त्याची गाडी दारात येऊ द्यायची नाही. हे सगळं त्या पानावर एका बाणानं दाखवलेलं असायचं. बाणाचा अर्थ फक्त बाबांना माहीत.

फॉक्स यांनी हे बाण कॉम्प्युटरला सांगायचा प्रयत्न केला. नियम, अटी, आवडीनिवडी, सगळ्या लिहून काढायच्या आणि त्यांच्या आधारानं शोध घ्यायचा. स्टीफन स्मिथ आणि मंडळींनी त्यातून पुढची सिस्टिम काढली, ‘ओपिस’. तिचा भर घटनेवर होता: काहीतरी बिघडलं की सगळं परत मांडू नका, जिथे दुखतंय तिथे बघा. ही कल्पना महत्त्वाची आहे, आणि तिचं सगळ्यात सुंदर रूप कारखान्यात नाही, अवकाशयानांच्या गॅरेजमध्ये सापडतं.

नासाचं स्पेस शटल अवकाशात जाऊन परत आलं की फ्लोरिडात केनेडी स्पेस सेंटरला त्याची तयारी परत सुरू व्हायची. फरश्या तपासा, इंजिनं तपासा, सामान उतरवा, नवं चढवा. हजारो कामं, आणि तपासणीत रोज काहीतरी नवं निघणार, कारण तपासणी असतेच त्यासाठी. म्हणजे इथे वेळापत्रक बिघडणं हा अपवाद नव्हता, तो नेमच होता. नासाच्या एम्स केंद्रात माँटी झ्वेबेन आणि त्यांच्या गटानं नव्वदीच्या सुरुवातीला यासाठी ‘गेरी’ नावाची पद्धत बनवली. तिची चाल अशी: वेळापत्रक कोऱ्या कागदावर सुरू करायचं नाही. आहे ते, तुटलेलं, तसंच हातात घ्यायचं. कुठली अट मोडली ते बघायचं, एक काम थोडं सरकवायचं, आता परिस्थिती सुधारली का बघायचं, परत एक सरकवायचं. आणि जितकं कमी हलवता येईल तितकं चांगलं, कारण प्रत्येक हलवलेल्या कामामागे कुणीतरी तयारी करून बसलेला माणूस असतो. गोधडीला ठिगळ लावतात ना, तसं. गोधडी उसवून परत शिवत नाहीत.

ही पद्धत केनेडीला प्रत्यक्ष कामात वापरली गेली. झ्वेबेन यांनी पुढे रेड पेपर नावाची कंपनी काढून हेच तंत्र कारखान्यांना विकलं आणि १९९६मध्ये ती पीपलसॉफ्टनं विकत घेतली. तो वेगळा भाग होईल.

माझ्यासाठी महत्त्वाचं वर्ष १९९५. ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या वेई झँग आणि थॉमस डायटरिच यांनी नासाचाच प्रश्न घेतला, ठिगळं लावायची चालही तीच घेतली, आणि विचारलं: कुठलं ठिगळ कुठे लावायचं, हे प्रोग्रॅम स्वतः शिकू शकेल का? त्याच्या थोडं आधी आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांनी बॅकगॅमन खेळणारा प्रोग्रॅम बनवला होता, जो स्वतःशीच लाखो डाव खेळून उस्तादांच्या तोडीचा झाला. झँग आणि डायटरिच यांनी तेच तंत्र इथे आणलं. बॅकगॅमनमध्ये प्रोग्रॅम पटाकडे बघून अंदाज करतो की इथून जिंकण्याची शक्यता किती. इथे नेटवर्क तुटलेल्या वेळापत्रकाकडे बघून अंदाज करायचं की हे किती लवकर आणि किती चांगलं दुरुस्त होईल. लहान प्रश्नांवर शिकवलं, मग मोठे दिले. झ्वेबेन यांच्या पद्धतीपेक्षा ते चांगले निकाल देऊ लागलं.

मी हा पेपर रात्री दीडला वाचत होतो आणि अक्षरशः उठून उभा राहिलो. मी जे ‘अत्याधुनिक’ म्हणून क्लायंटला दाखवलं होतं, त्याचा गाभा १९९५चा होता. आणि त्यातला शहाणपणाचा भाग, कमीत कमी हलवा, तो मीच गाळला होता!

मग प्रश्न येतो की एवढं सगळं तीस वर्षांपूर्वी झालं होतं, तर आज प्रत्येक कारखान्यात हे का नाही?

एक उत्तर केनेथ मॅके यांच्या कामात सापडलं. मॅके कॅनडातल्या वॉटर्लूचे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये एक लेख लिहिला, ज्याचा प्रश्न साधारण असा होता की शेड्युलिंगच्या सिद्धांतातलं खऱ्या कारखान्यात उपयोगी काय आहे. त्यांची पद्धत सोपी होती, कारखान्यात वेळापत्रक करणाऱ्या माणसाशेजारी बसायचं आणि तो काय करतो ते बघायचं. त्यातून २०००मध्ये त्यांनी आणि इतर तिघांनी एक कल्पना मांडली. मराठीत तिला ‘बिचकण्याचं गणित’ म्हणता येईल. अनुभवी माणूस नुकत्याच दुरुस्त झालेल्या किंवा नुकताच बदल केलेल्या मशिनला बिचकतो. महत्त्वाचा, नाजूक जॉब तो मुद्दाम काही काळ तिथून दूर ठेवतो, बिनघाईचं काम आधी चालवून बघतो, मशिनवर भरवसा बसला की मग नेहमीसारखं. त्यांनी हे नियमात बसवलं: मोठ्या घटनेनंतर काही काळ धोका जास्त धरायचा आणि तो हळूहळू कमी करायचा.

मंडळी, हे २०००मध्ये छापून आलेलं आहे. बाबांनी जेवताना जे एका वाक्यात सांगितलं ते. मी पेपर त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, “यात नवीन काय आहे?”

माझी चूक मग सापडली. ती डेटात नव्हती, त्याच्या आधीच होती. आमचं मॉडेल खऱ्या कारखान्यात शिकत नाही, शिकूच शकत नाही, लाखो वेळा चुका करायला कोण देणार? ते सिम्युलेटरमध्ये शिकतं. आणि सिम्युलेटर मी लिहिला होता. त्यात मशिन बंद पडण्याची वेळ मी नशिबावर सोडली होती, दुरुस्तीला लागणारा वेळही नशिबावर, आणि दुरुस्ती झाली की मशिन नव्यासारखं. ही पुस्तकी पद्धत आहे, कॉलेजात हीच शिकवतात, गणित सोपं होतं. त्या जगात बेअरिंग बदललेलं मशिन आणि वर्षभर गुपचूप चाललेलं मशिन यांत फरकच नव्हता. मॉडेल बिचारं त्या जगात पहिला नंबर आलं होतं.

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, सिम्युलेटर सुधारा, डेटा वाढवा, झालं. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. तेव्हा मला १९९७ची आग आठवत गेली.

१ फेब्रुवारी १९९७, शनिवार. जपानमधल्या कारिया गावात आयसिन कंपनीच्या एक नंबर कारखान्याला पहाटे सव्वाचारच्या सुमारास आग लागली. तिथे टोयोटाच्या गाड्यांसाठी पी-व्हॉल्व्ह बनायचा. मुठीत मावेल एवढा भाग, ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांकडे जाणारा दाब सांभाळणारा. टोयोटाचे जवळजवळ सगळे पी-व्हॉल्व्ह याच एका ठिकाणी बनत होते. आणि टोयोटा म्हणजे जस्ट-इन-टाइमचं माहेरघर, साठा ठेवणं हा तिथे गुन्हा. हाताशी फार तर दोन-तीन दिवसांचा माल. सोमवारी ओळी थांबायला लागल्या, मंगळवारपर्यंत टोयोटाचं जपानमधलं बहुतेक उत्पादन ठप्प. दिवसाला पंधरा हजारांच्या वर गाड्या बनवणारी कंपनी, एका मुठीएवढ्या भागासाठी.

तज्ज्ञांचे अंदाज आठवड्यांचे होते. खास मशिनं आणि टूलं जळाली होती, ती नव्यानं बनवायलाच महिने लागणार. पण झालं असं की आयसिननं ड्रॉइंगं फॅक्सनं वाटायला सुरुवात केली. टोयोटाचे सप्लायर, त्यांचे सप्लायर, मशिन टूलवाले, असे बासष्ट ठिकाणी लोक पी-व्हॉल्व्ह बनवायला बसले, आणि त्यांच्या मागे टूल, फिक्स्चर, तपासणी पुरवणारे आणखी शंभर-दीडशे. बहुतेकांनी हा भाग आधी कधी बनवलेला नव्हता. खास मशिन नाही, मग प्रत्येकानं आपल्याकडच्या साध्या मशिनवर आपली युक्ती लढवली. त्यात ब्रदर कंपनीही होती, शिलाई मशिनवाली. त्यांनी गाडीचा भाग कधी बनवलेला नसताना एक मिलिंग मशिन जुळवून दिवसाला चाळीसेक व्हॉल्व्ह काढले. चाळीस म्हणजे काहीच नाही, पण असे चाळीस चाळीस गोळा होत गेले. पैसे किती मिळणार हे आधी कुणी विचारत बसलं नाही, तो हिशेब नंतर झाला. आठवडा संपेपर्यंत बहुतेक ओळी परत चालू, आणि १० तारखेच्या सोमवारी उत्पादन जवळपास पूर्वीसारखं.

हे पण रीशेड्युलिंगच आहे की नाही? कदाचित कारखानदारीच्या इतिहासातलं सगळ्यात थोर. आता मी माझ्या मॉडेलला त्या शनिवारी पहाटे कारियात बसवलं असतं तर? त्याच्याकडे मशिनांची यादी असती, आणि तिच्यात सगळी मशिनं ‘बंद’ असती. उत्तर आलं असतं: वेळापत्रक शक्य नाही. शिलाई मशिनचा कारखाना त्या यादीत येणार कुठून? तो कुणाच्या तरी ओळखीत होता.

आजची स्थिती सांगतो आणि मग परत माझ्या कारखान्यात येतो. २०२०मध्ये सिंगापूरच्या एका गटानं ग्राफ न्यूरल नेटवर्क वापरून शेड्युलिंग शिकणारं मॉडेल मांडलं, त्यानंतर असे पेपर धो धो आलेत. ही मॉडेलं जुन्या तोंडी नियमांना मागे टाकतात. नेहमीच्या सॉल्व्हरला भरपूर वेळ दिला तर तो बहुतेकदा अजूनही पुढे असतो, पण पहाटे दोन वाजता भरपूर वेळ कुणाकडे नसतो, म्हणून झटपट उत्तराला किंमत आहे. मी या कामावर विश्वास ठेवतो, नाहीतर करत नसतो. फक्त त्यांतली बरीचशी अजून १९६३च्या शांत कारखान्यावरच परीक्षा देतात, हे मात्र खटकतं.

तर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. सिम्युलेटरमध्ये दुरुस्त झालेलं मशिन काही तास संशयित धरलं, मॅके यांच्या नियमासारखं. किती तास, ते मेंटेनन्सच्या माणसांना विचारून, प्रत्येक मशिनसाठी वेगळे. दुसरं, हलवलेल्या प्रत्येक जॉबला दंड लावला, आणि सेटिंग सुरू झालेल्या जॉबला इतका की मॉडेल त्याच्या वाटेला जात नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात वादाची ठरली. सुपरवायझरना स्क्रीनचं ऐकण्याची सक्ती काढून टाका आणि नाकारायचं बटण द्या, असं मी मीटिंगमध्ये म्हटलं. क्लायंटच्या एका साहेबांनी विचारलं, “मग आम्ही पैसे कशाचे दिले?” प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्याकडे चटकन उत्तरही नव्हतं. शेवटी तीन महिने करून बघू, या अटीवर बटण मिळालं.

बटण दाबलं की कारण विचारायचं होतं. आम्ही बारा कारणांची यादी केली. पहिल्या महिन्यात काय आलं असेल? ‘इतर’. ग्लोव्हज घातलेल्या हातानं यादी कोण चाळत बसणार! मग यादी काढून तिथे माइकचं चिन्ह टाकलं, दाबा आणि मराठीत बोला. तेव्हापासून बोलतात. “हा ऑपरेटर नवीन आहे, त्याला हा जॉब नको.” “कूलंटचा वास येतोय, उद्या बदलतील, तोवर फिनिशिंग लावू नका.” “त्यांची गाडी चारनंतरच येते, सकाळी करून ठेवून जागा अडेल.” यातलं एकही वाक्य आमच्या तीन वर्षांच्या डेटात नव्हतं. सध्या मी ही वाक्यं ऐकून हातानं लिहून काढतोय, आठवड्याला साठ-सत्तर. त्यातली किती मॉडेलला शिकवता येतील, ते पाहायचंय. काही येतीलच. कूलंटचं येईल. ओळखीचं कसं शिकवायचं ते मला आज तरी सुचत नाही.

तीन महिने पुढच्या आठवड्यात संपतायत, बटण राहतं की जातं ते तेव्हा ठरेल. बाबांनी परवा सुपरवायझरांच्या काही रेकॉर्डिंगची माझी वही मागून घेतली आणि पेन्सिलीनं शेजारी टिपा लिहून परत दिली. दोन ठिकाणी फक्त बाण आहेत. अर्थ विचारायला या रविवारी जाणार आहे.

तुमच्या घरी कुणी पीपीसीत, टूलरूममध्ये, मेंटेनन्समध्ये काम केलेलं असेल तर त्यांना एवढंच विचारा: कुठल्या मशिनला ते बिचकायचे, आणि का? उत्तर आवाजात पाठवलंत तरी चालेल, पुढच्या भागात घेऊ. भेटू पंधरा दिवसांनी.